आधी बसा, मग उचला!

...मग काय तर! माज्याच घरात मला पान्याची कळशी उचलायची चोरी झालीय! हात लावला रे लावला, की आमची गोजरबाई चुलीपासून वरडती, "अवं, आधी बसा, मग उचला!" आता तुमीच सांगा, शेवगावच्या कांदा मार्केटात हमाली करून केस पिकलेल्या मानसाला हे बायकूनं शिकवायचं?

तिचं तरी काय चुकलं म्हना... माजी कंबर धरलेली, अन भाची आरतीचं लगीन तोंडावर! आमच्यात नवरीला मांडवात मामानं उचलून आनायचं. मामाच वाकडा झाला, तर नवरी यायची कशी? त्यात दवाखान्याच्या पंकजा मॅडम आल्या मार्केटात, हमालांना शिकवायला. "काका, कमरेत वाकू नका हं. गुडघ्यात वाकून आधी बसा, मग उचला. गोणी हलवून अंदाज घ्या, पोटाशी धरा, जड वाटली तर जोडीदार बोलवा!" आमी फिदीफिदी हसलो... पन तुमाला सांगतो, करून बघितलं, अन कंबर गप! लई बरं वाटलं. फक्त डबा घिऊन आलेली गोजरबाई मागं हुबी राहून सगळं पाठ करत हुती, त्याला मी काय करू?

लग्नात भटजी म्हनले, "मामा, नवरीला आणा!" गेलो. मागून गोजरबाई, "आधी बसा!" बसलो. अन मग... सवय हो, सवय! दोनी हातांनी पोरीला जरा हलवून बघितलं! आरती दातओठ खात म्हनती, "मामा, मी काय कांद्याची गोनी हाय व्हय?" तवर माज्या तोंडातनं गेलंच, "गहिनीनाथ, हात लाव रं!" अन आमचा जोडीदार गहिनीनाथ आला की पंगतीतनं उठून, खरकट्या हातानं! नवरदेवाकडची मानसं खुर्चीवर चढून बघाया लागली...

पन उचलली! एकट्यानं! पोटाशी धरली, "वाट सोडा, वाट सोडा" करत थेट पाटावर नेली. कंबर? हूं न्हाई की चूं न्हाई! पोरगी हसत हुती अन रडत हुती, मीबी तसाच. लई सुख वाटलं बघा.

आता तक्रार एवढीच, की पंचक्रोशीत ज्या नवरीच्या मामाची कंबर गेली, तिची मानसं माज्याच दारात. कालच एक नवरीचा बाप आला, दारातनंच इचारतो, "मामा, पोरीचं वजन सांगू, का हलवून बघता?"

काय करता? म्हनलं, आधी बसा... मग उचलायचं बघू!