मागच्या भिंतीला उभा केलेला सत्कारमूर्ती

सन्माननीय अध्यक्ष महाराज, सुट्टी असूनही ठाकूरद्वाराच्या घरून खास आमच्यासाठी परळपर्यंत आलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे आमच्या पोरांच्या शाळेचे मुख्याध्यापक कोठारे गुरुजी, मंडळाचे कार्यवाह सीतारामभाऊ, व्यासपीठावरची बाकीची थोर मंडळी, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या चाळीतल्या मायबहिणींनो, बंधूंनो, आपणा सर्वांना माझा जयभीम.

मी बुधाजी. आज ज्याचा सत्कार आहे त्या रामदासचा आजा. त्याचे आईबाप लवकर गेले, त्यामुळं त्याला मी आणि आमच्या सुंदराबाईनं वाढवलं. माझं शिक्षण म्हणाल तर पाटी फुटली तिथंच थांबलं. सभेत बोलायची सवय नाही. सीतारामभाऊ म्हणाले, "बुधाजीबाबा, दोन शब्द गोड बोला आणि बसा." दोन शब्द बोलतो. गोड होतील की नाही त्याची मला काळजी आहे. मला सगळ्याचीच काळजी असते, हे चाळीला ठाऊक आहे.

आता हेच बघा. ज्याचा सत्कार, तो पोरगा कुठं आहे? पहिल्या रांगेत त्याची खुर्ची मांडली होती. तो बसला, तर मागून आरडाओरडा झाला, "ए लंबू, मागं हो, स्टेज दिसत नाही." मग आपल्याच एका कार्यकर्त्यानं त्याला उठवून मागच्या भिंतीला नेऊन उभा केला. रामदास, जरा डावीकडं सरक बाबा, तुझ्या डोक्यावर पंखा आहे. हां, तिथंच राहा. तर मंडळी, ज्याच्यासाठी आपण जमलो, त्यालाच मागं उभं करण्याची ही कुठली रीत?

पण ही रीत आजची नाही. त्याला बारावं चालू आहे. बारावं. इथं कुणी तरी हसलं. हसू द्या. ट्रामचा कंडक्टरही असाच हसायचा. मी म्हणायचो, "ह्याचं अर्धं द्या." तो म्हणायचा, "आजोबा, ह्याला पोरं किती ते सांगा आधी, मग अर्ध्याचं बघू." अख्खा डबा हसायचा आणि माझा नातू खिडकीबाहेर तोंड करून बसायचा. आठ वर्षांचा होता तेव्हा.

उंच मूल वाढवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. सुंदराबाई त्याच्या चड्ड्यांना खालून पट्टी जोडायची. एका दिवाळीची निळी, दुसऱ्या दिवाळीची खाकी, पुढं तर गादीच्या खोळीचीसुद्धा. खोली आमची एवढीशी. तो आडवा झाला की पाय दाराबाहेर गॅलरीत. पहाटेच्या पाळीला जाणारे त्याच्या पायांना अडखळायचे आणि शिव्या मला द्यायचे. तेच लोक आकाशकंदील टांगायचा झाला की, "रामदासला पाठवा हो." माळ्यावरचं पिंप काढायचं, "रामदासला पाठवा." दहीहंडीला तर सर्वांत खालच्या थरात, मोठ्या बाप्यांच्या जोडीला. अहो, तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या खांद्यावर उभा राहणारा माणूस दोन लेकरांचा बाप होता. कुणाला काही वाटलं नाही. उंच आहे ना, म्हणजे मोठा आहे. मोठा आहे, म्हणजे त्याला सोसतं. हा हिशेब कुणी घातला?

कोठारे गुरुजी, आपण पाहुणे आहात, आपला मान मोठा. आपल्या शाळेत उंचीप्रमाणे बसवतात, बुटके पुढं, उंच मागं. रीत चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही. आमचा रामदास पहिल्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसला. पाचवीत दोनदा नापास झाला. आपण मला बोलावून सांगितलंत, "बुधाजी, हाडं वाढली, डोकं वाढलं नाही. फळ्याकडं बघतसुद्धा नाही." मी मान खाली घालून घरी आलो.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर आम्ही सगळी चाळ गेलो होतो. लोकांनी आपली पोरं खांद्यावर घेतली होती. हा माझ्याहून वर निघालेला, ह्याला कोण घेणार? त्यानं माझा सदरा ओढून विचारलं, "आबा, तिकडं काय दिसतंय?" बाजूचा एक जण त्या दुःखातही हसला. म्हणाला, "अरे, तू आमच्या सगळ्यांच्या वर. तूच सांग आम्हाला काय दिसतंय ते."

आता मोर्चाचं बोलतो, कारण सत्कार त्याचाच आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे, यात माझ्या घरात दुमत नाही. लालबागेतून मोर्चा निघाला तेव्हा हा आमच्यासाठी पाव आणायला खाली उतरला होता. सीतारामभाऊंनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "रामदासा, तू धर रे बोर्ड. तुझो हात आभाळाक लागता." फळी त्याच्या हातात दिली आणि पहिल्या रांगेच्याही पुढं उभा केला. त्या एका दिवशी तेवढं त्याला कुणी मागं हो म्हटलं नाही.

पुढं काय झालं ते आत्ताच सीतारामभाऊंनी रंगवून सांगितलं. समोरून लाठीवाले आले, मोर्चा फुटला, मोठमोठे गडी गल्लीबोळात शिरले, आणि एकटा रामदास फळी उंच धरून जागच्या जागी उभा राहिला. डोकं फुटलं तरी हलला नाही. आपण टाळ्या वाजवल्यात. मी वाजवल्या नाहीत. कारण खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला त्यानंच सांगितलंय. सकाळी भाकरी खाताना म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा, नाही तर मी माळ घेणार नाही."

तर ऐका. इस्पितळात डॉक्टरांनी टाके घातले आणि पलीकडच्या खाटेपाशी जाऊन हात वर केला. विचारलं, "बोटं किती?" हा म्हणाला, "कसली बोटं?" माझा जीव उडाला. वाटलं, मारानं डोळे गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हे माराचं नाही, आजोबा. ह्याला लांबचं कधीच दिसत नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी खाटेपाशी बसून त्याला विचारलं, "अरे, मग तू पळाला का नाहीस?" तो म्हणाला, "आबा, समोर पिवळं पिवळं हलत येत होतं. मला वाटलं, आपल्याला घालायला कुणी तरी झेंडूच्या माळा घेऊन येतंय."

मंडळी, त्या पोलिसांच्या पिवळ्या टोप्या होत्या.

आता हसा ना. का थांबलात?

माझा नातू भित्रा नाही. पण दिसत नसलेल्या पोराला पुढं उभं करायचं, नंतर त्याला शूर म्हणायचं, आणि शूर म्हणून झालं की पुन्हा मागच्या भिंतीला लावायचं, याचा मला संताप येतो. आज सीतारामभाऊंनी जाहीर केलं की रामदासला गिरणीत बदलीवर, गैरहजर कामगाराच्या जागी, लावून देऊ, अंगानं तो अठराचा दिसतो, कोणी विचारणार नाही. सीतारामभाऊ, तुमचं मन चांगलं आहे, तुम्ही आमच्या अडीअडचणीला धावता. पण कोणी विचारणार नाही, हीच तर आमची रड आहे. आजवर कोणी विचारलंच नाही. ती नोकरी मी सगळ्यांसमोर परत करतो. तो गिरणीत जाणार नाही. जूनमध्ये तो शाळेत जाणार.

आणि गुरुजी, तो पहिल्या बाकावर बसणार. चष्मा आता आहे, पण डॉक्टर म्हणालेत, तरीही पुढंच बसवा. मागच्यांची तक्रार येईल, म्हणून भिंतीकडेचा कोपरा द्या. तेवढ्यानंही कुणाचं अडलं, तर त्यानं मान जराशी वाकडी करावी. माझ्या नातवानं आयुष्यभर दारात मान वाकवलीच आहे. मघाशी त्याचा चष्मा बघून आपण माझ्या कानात म्हणालात, "बुधाजी, आधी सांगायचं होतंत." गुरुजी, दिसत नाही हे त्याला कसं कळावं? सगळ्यांना तेवढंच दिसतं, असंच त्याला वाटत होतं.

फार बोललो. सुंदराबाई खालून हात करतेय, बसा म्हणून. मंडळानं आमच्या पोराची आठवण ठेवली, शाल आणली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. शाल त्याला गुडघ्यापर्यंतच येईल, पण थंडीत उपयोगाची आहे. अडाणी माणसाच्या तोंडून कुणाला लागेलसं गेलं असेल, तर घरचा म्हातारा कुरकुरला असं समजून पोटात घाला.

आता माळ घालायची आहे. मघाशी कुणी तरी स्टूल शोधायला गेलं. स्टूल नको. बारा वर्षांचं पोर आहे, त्याला खुर्चीवर बसवा आणि घाला. ये रामदास, पुढं ये, पंखा सांभाळ. त्याला वाट द्या हो जरा. पहिल्या रांगेत त्याचीच खुर्ची आहे, तिथं त्याला बसू द्या, आणि माळ घेऊन समोरून सावकाश या. या वेळी कोण येतंय आणि हातात काय आहे, ते त्याला लांबूनच दिसू दे.