गोंडपिपरीचे कुलर सर्वात आतमंदी

नाई, पण मी म्हणतो, ज्यानं जिंदगीत एक पेटी उचलली नाई, त्यानं बापूरावले ट्रक भरणं शिकवावं? तुम्हाले सांगतो, बापूराव म्हणजे वरोऱ्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामातला बावीस वर्षांपासूनचा हमाल. सामान नुसतं डोळ्यानं पाहून सांगते, हे बसन, हे नाई बसत. अन् मालकानं नागपूरहून आणला आपला भाचा, प्रणित! हातात लॅपटॉप, त्यात ट्रकचं चित्र, चित्रात रंगीबेरंगी डब्बे. म्हणे, "काका, एक इंच जागा वाया जायला नको!"

मे महिना, सावलीतही माणूस शेकून निघते असं ऊन. ट्रकमंदी काय? गोंडपिपरीच्या इंदुताईच्या पोरीचं लग्न, त्या मांडवासाठी चार मोठे कुलर. बाकी सारं अहेरीच्या होस्टेलचं... खुर्च्या, गाद्या, बादल्या, साबणाच्या पेट्या. गोंडपिपरी पह्यले लागते, अहेरी मागून. तं बापूराव म्हणे, "सायेब, कुलर शेवटी भरू, ते पह्यले उतरतेत." प्रणित हसला. "काका, मोठं सामान आधी आत, हे गणित आहे. एक इंच जागा वाया जायला नको!" मालक ऑफिसातूनच वरडला, "बापू, लॅपटॉप सांगते तसं कर, नाई तं घरी बस!" आता घरी बसून माणूस काय करन? भरले.

अन् कसे भरले! कुलर पार आतमंदी, केबिनले चिकटून. त्या लॅपटॉपले समजलं का कुलर पोकळ असते, तं कुलरच्या पोटात साबण! खुर्च्यांच्या पायात बादल्या, बादल्यांत... जाऊ द्या. मुंगीनं तिकीट काढलं असतं तरी तिले जागा नसती भेटली! प्रणितनं फोटो काढला अन् केबिनमंदी बापूरावच्या बाजूले येऊन बसला, आपली करामत पाहाले.

साडेदहाले ट्रक मांडवासमोर. इंदुताई धावत आली. "अवो भाऊ, बाराले लग्न हाय, म्हाताऱ्या भाजून राह्यल्या, नवरीच्या आजीले घेरी आली, कुलर काढा ना!"

बापूराव म्हणे, "बाई, कुलर काढाले आधी अख्खी अहेरी काढा लागते."

काढली अहेरी, भर रस्त्यावर! अन् लग्नातली माणसं रिकामी खुर्ची दिसली का थांबतेत का? साठ खुर्च्या, साठ वऱ्हाडी! नवरदेवाचा मामा तं गादीवर आडवाच झाला. कुलर निघाले, त्यांच्या पोटातला साबण निघाला, पाणी भरलं, पंखे फिरले, आजीनं डोळे उघडले... तवा कुठी बापूरावच्या जिवात जीव आला.

मंग पुन्हा भरा! "उठा हो, खुर्च्या अहेरीच्या हायत!" तं मामा म्हणते, "जेवल्यावर उठतो, काऊन घाई करून राह्यले?" जेवणं झाली तवा खुर्च्या सुटल्या. तवरक प्रणितचा लॅपटॉप उन्हानं बंद! बापूरावनं शर्ट काढला, अन् अर्ध्या घंट्यात सारं सामान आत... वरून मामाले गोंडपिपरीच्या फाट्यावर सोडाले जागाही उरली!

प्रणित हळूच म्हणे, "काका, त्यात 'आधी काय उतरवायचं' असा रकाना होता... तो मी रिकामाच ठेवला."

घ्या! एक इंच जागा वाया जायला नको, अन् रकाना रिकामा! पण पोराचं तोंड टमाट्यासारखं झालं होतं, बापूरावनं त्याले आधी पाणी पाजलं.

खरं वाईट तं पुढं झालं. पोरगं इमानदार निघालं ना! त्यानं मालकाले सारं खरं सांगितलं. मालक म्हणे, "मंग तो रकाना रोज बापूनंच भरायचा!" झालं... आता बापूराव ऑफिसात पंख्याखाली, नाकावर चष्मा, एका बोटानं टकटक करून राह्यला. बाहेर सारे हमाल त्याले सायेब म्हणतेत. अन् तुम्हाले सांगतो, बावीस वर्षांची दोस्ती, पण सायबाले आता कोणी चिमूटभर तंबाखू-सुपारीचा खर्रा देत नाई!