उत्तरमास्तर आणि तळ्याकाठचा खून

सज्जनहो, सावरून बसा, मुलांना मांडीवर घ्या, आणि मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे, समोरच्याला नाही. सांगून टाकणं हे पुण्य, की गप्प बसणं? — अहो, त्या पहिल्या रांगेतल्या काकू लगेच म्हणाल्या, ‘सांगणं!’ काकू, तुमच्या शेजाऱ्यांची मला काळजी वाटते हो!

तर ऐका. माझ्या आजोळी धोंडोपंत आगाशे नावाचे गणिताचे मास्तर होते. सगळं गाव त्यांना उत्तरमास्तर म्हणायचं. का? तर फळ्यावर गणित मांडायच्या आधी उत्तर लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे, आणि म्हणायचे, “हे उत्तर. आता रीत बघा!” सत्य आहे ना? मग लपवायचं कशाला!

निवृत्त झाले आणि वाचनालयात जाऊ लागले. नाद लागला खुनाच्या कादंबऱ्यांचा! — हसताय काय? माझ्या या पिशवीत चिपळ्यांखाली काय आहे, ते तबलजींना विचारा! नको, नकाच विचारू. — तर मास्तर कादंबरी वाचायचे, आणि परत करण्याआधी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहायचे, ‘उत्तर : डॉक्टर.’ खाली दोन रेघा! लोक चिडायचे, शिव्या घालायचे. मास्तर म्हणायचे, “तुमचे दोन दिवस वाचवले!” घ्या!

पुढे काय झालं, त्यांची बायको कृष्णाबाई ओसरीवर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण बाई उठेना! डॉक्टरांनी बजावलं, “आजी, महिनाभरात चालला नाहीत, तर पुन्हा कधीच चालणार नाहीत.” बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “चालून जायचंय कुठे?” झालं! पन्नास वर्षांचा संसार हो! जगातल्या सगळ्या गणितांची उत्तरं येणारा माणूस, पण याचं उत्तर येईना.

वाचनालयात शालिनीताई पोरे पुस्तकं द्यायला बसायच्या. जिभेनं तिखट बाई! मास्तरांचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी तळ्याकाठच्या बंगल्यातल्या खुनाची एक कादंबरी काढून दिली. “रोज दुपारी एक प्रकरण वाचून दाखवा वहिनींना. पण मास्तर, शेवट आधी फोडलात, तर तुमचं कार्ड रद्द!”

मास्तर घरी आले. पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावर — ‘उत्तर : वकील’! दोन रेघा! अक्षर कोणाचं? त्यांचंच! कधीकाळी वाचून विसरले होते. बायको म्हणाली, “काय खोडताय हो?” मास्तर म्हणाले, “काही नाही, डाग आहे.” मंडळी, या माणसानं जन्मात पहिल्यांदा उत्तर पुसलं!

पहिलं प्रकरण संपलं. जमीनदाराचा खून झाला, खोलीचं दार उघडं! बाई हळूच म्हणाली, “पुढे?” मास्तर म्हणाले, “पुढचं उद्या. खुर्चीत बसलीस तर.” दुसऱ्या दिवशी बाई खुर्चीत! तिसरं प्रकरण स्वयंपाकघरात, चौथं ओसरीवर. वॉकर धरून, कण्हत, नवऱ्याला बोल लावत, पण आली!

आणि रोज ठासून सांगायची, “खून माळ्यानं केला! लिहून घ्या!” अहो, गणिताच्या मास्तरापुढे चुकीचं उत्तर! ‘चूक!’ हा शब्द ओठांवर यायचा. मास्तर पाणी प्यायचे, पुन्हा पाणी प्यायचे. एकदा तर उठून अंगणात गेले आणि तुळशीला सांगून आले, “वकील गं बाई, वकील!” पण बायकोपुढे? अवाक्षर नाही!

शेवटचं प्रकरण मास्तरांनी वाचनालयाच्या कट्ट्यावर ठेवलं. घरापासून तीनशे पावलं. कृष्णाबाई दोनदा थांबली, एकदा डोळ्यांत पाणी आलं, पण पोचली! शालिनीताई धावत खुर्ची घेऊन आल्या. मास्तरांनी वाचलं, की खुनी निघाला वकील. आणि म्हणाले, “बघ! माळी नव्हे!”

कृष्णाबाई हसायला लागली. “अहो, ते मला तिसऱ्या प्रकरणातच कळलं होतं. वकील आला की तुम्ही घसा खाकरत होतात!”

“अगं, मग रोज माळी माळी काय लावलं होतंस?”

“माझं उत्तर चुकलंय आणि तुम्ही गप्प आहात, असं पन्नास वर्षांत एकदा तरी घडलं होतं का? मी वाक्य सुरू करायचं आणि तुम्ही संपवायचं! म्हटलं, बघू तरी, हा माणूस माझ्यासाठी कुठवर दम धरतो. खुनी कोण का असेना, मी उठत होते ती तेवढ्यासाठी!”

मास्तर कट्ट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. बाईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि शालिनीताईंना म्हणाली, “दुसरं द्या. जाडसं बघा!”

मंडळी, आता आपलं बघा. घरातलं माणूस काही सांगायला लागलं, की आपण काय म्हणतो? “ठाऊक आहे, पुढे बोल!” म्हातारी आई तीच गोष्ट पुन्हा काढते आणि आपण शेवट तिच्या तोंडावर फेकतो! आज घरी जा आणि एवढंच विचारा, “बरं, मग काय झालं?” — काकू, तुम्हीसुद्धा!

अहो, वर बसलेल्याला आपल्या प्रत्येकाचं शेवटचं पान पाठ आहे. आपण रोज चुकीचं उत्तर ठासून सांगतो, तो ऐकतो. मधेच कधी बोलला का? आपण उठावं, दोन पावलं चालावं, म्हणून धीर धरून बसलाय! त्या सगळं जाणून गप्प राहणाऱ्या पांडुरंगासाठी हात वर करा, आणि गळा मोकळा सोडून म्हणा — विठ्ठल! विठ्ठल!