डोक्यावर ओढ्याचं ढेकूळ

मंडळी, ऐका! चोरी झाली की आपण आधी कुणाच्या घराकडे बघतो? शेजाऱ्याच्या! आणि आपल्या घराकडे कधी बघतो? — अहो, माना खाली का घातल्या? अजून मी कुणाचं नाव घेतलेलं नाही!

तर एक गाव. गावाला ओढा. ओढ्यात गोदाक्काचा झिरा — वाळूत हातभर खड्डा, पण पाणी असं की तळचा खडा दिसावा! सगळी आळी तिथं घागरी भरायची. एका वर्षी झिरा गाळानं बुजला. उपसला — पुन्हा बुजला! गोदाक्का पदर खोचून चावडीवर आली. "माझा झिरा कुणी बुजवला?"

सगळ्यांची बोटं एकाच दिशेला — बयाजी धनगर! का? तर त्याला वावर नाही, घर नाही, बाजूनं बोलणारं कुणी नाही. संशयाला असा माणूस फार सोयीचा! गोदाक्कानंही त्याला भर चावडीत शिव्या घातल्या.

सुभानराव पाटील म्हणाले, "तुझ्या मेंढरांनी काठ तुडवला, माती ओढ्यात आली. उद्यापासून या शिवारात दिसायचं नाही!"

बयाजी म्हणाला, "पाटील, मेंढरं गवत खात्यात. काठ खात न्हाईत. ढेकूळ द्या माझ्या डोक्यावर, जुना काठ कुठं हुता त्यो चालून दावतो."

आता हे ढेकूळ काय? त्या गावचा रिवाज! हद्दीचा तंटा पडला की ओढ्याच्या ओल्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि खरी हद्द चालून दाखवायची. खोटं चाललास, तर ढेकूळ सुकायच्या आत घरावर संकट! बयाजीला घरच नाही. पाटील म्हणाले, "मग मेंढरांवर!" माणूस हुशार हो!

बयाजी निघाला. गाव मागं. जुन्या काठानं चालायचं ना? — चार पावलांत थेट पाटलांच्या उसात!

"अरे, उसात कुठं शिरतोस?"

"काठ हितंच हुता, पाटील. ही करंजाची खोडं बघा."

खोडं बुडाशी कापलेली! पुढं कोंडिबाची ज्वारी. मग मुरलीधराचा कांदा. ज्याच्या वावरात बयाजी शिरे तो पागोटं सावरी, बाकीचे त्या मालकावर डोळे वटारत! आपली पाळी आली की तेही पागोटं सावरत! प्रत्येकानं वर्षाला नांगराचं एकच तास — एक रेघ — ओढ्याकडे सरकवलं होतं. एकच हो! काठ धरणारी झाडं गेली, आणि नांगरलेली माती दर पावसात झिऱ्यात!

शेवटी बयाजी वांग्याच्या वाफ्यात थांबला. वांगी कुणाची? — गोदाक्काची!

ती वाफ्यात उतरली. मग म्हणाली, "बयाजी, चार माणसांत तुला शिव्या दिल्या रे मी." आणि फळांनी लगडलेलं पहिलं झाड तिनं मुळासकट उपटलं. रडत उपटलं, मंडळी! त्यानंतर पाटलांना ऊस राखायला तोंड राहिलं का? काठ मोकळा झाला. खोडांना पालवी फुटली. तिसऱ्या वर्षी झिऱ्यातलं पाणी पुन्हा निवळलं.

आणि आपला ओढा? तो वरच्या गावानं बिघडवला म्हणता ना? — कोण खोकलं तिकडं? मला तुमच्यातल्या एकेकाचा संशय आहे. आणि पहिला संशय या बुवाचा! ओढ्याकाठची माझी मिरची तुम्ही बघितली असेल. तीन वर्षांपूर्वी तिथं निरगुडी होती.

टाळ खाली ठेवा. आज गजर नको. सकाळी ओढ्यावर या आणि पहिलं ढेकूळ माझ्या डोक्यावर ठेवा. दुसरं डोकं कुणाचं, ते तुम्ही ठरवा!