ठोंबाखालची बाटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खात्याचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती भिंगसर, पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

बोलण्याआधी एक विनंती. टेबलाच्या कोपऱ्यात तो दिवा लागलाय ना, त्याला कृपा करून कुणी हात लावू नका. मघाशी सूत्रसंचालकांनी तो बंद करायला हात पुढे केला आणि मी खुर्चीतून उठलेच. ती सजावट नाही. दिव्याखाली पत्र्याचं नरसाळं आहे, नरसाळ्यातल्या जाळीवर आपल्या माळावरच्या वाळक्या गवताचा एक ठोंब उपडा ठेवलाय, आणि खाली काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली आहे. पुष्पगुच्छाऐवजी सरांसाठी मी हे आणलं. सकाळपासून लावून ठेवलंय. ठोंब वरून तापतो, सुकतो, आणि आत कुणी असेल तर ते ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकत बाटलीत पडतं. असेल तर.

आता सरांविषयी. गळ्यातल्या भिंगावरून हे नाव पडलं, हे नव्यांनाही कळलं असेल. ते भिंग लग्नाच्या फोटोतसुद्धा हारांच्या मधून डोकावतंय. वहिनींनी काय काय सोसलं! फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी कोळ्यांच्या डब्या. एकदा वैतागून त्या म्हणाल्या होत्या, "एक तर हे कोळी घरात राहतील, नाहीतर मी." सर विचारात पडले. वहिनी, उत्तर मिळालं का हो अजून?

हसलात, बरं वाटलं. कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

शहराबाहेरच्या माळावर गोदामं यायची आहेत. त्यासाठी पाहणी झाली आणि अहवालात लिहिलं गेलं की तिथली जीवसृष्टी नगण्य आहे. त्यावर आमच्या विभागप्रमुखांची, म्हणजे सरांची, सही हवी होती. सरांनी ती केली नाही. मग सगळे सरांच्या निवृत्तीची वाट बघत बसले, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? आणि उद्या त्या खुर्चीत मी बसणार. परवा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "सर हट्टी आहेत. तुम्ही समजूतदार आहात." साहेब, खासगीतलं बोलणं चव्हाट्यावर आणते आहे, राग मानू नका. त्या चहानंतर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

पाहणी खोटी होती असं मी म्हणत नाही. मंडळी भर उन्हाळ्यात गेली, पायवाटेलगतच्या मोकळ्या जमिनीत पेले पुरले, रांगणारं जे असेल ते आत पडेल म्हणून. मिळाल्या थोड्या मुंग्या आणि एखाददुसरा भुंगेरा. जे मिळालं ते लिहिलं. पेले पायवाटेलगत का? तर नंतर सापडायला सोपे! सर तेव्हा एवढंच म्हणाले, "भर दुपारी दारं-खिडक्या लावलेल्या घरावरून जायचं आणि आत कोणी राहत नाही म्हणायचं, असा प्रकार आहे हा."

हाच माळ पाऊस पडून गेल्यावर पाहिलाय कुणी? पाऊल टाकलं की नाकतोडे उडतात. फुलं आली की मधमाश्या आणि माश्या. गवत उंच झालं की प्रत्येक दोन काड्यांमध्ये कोळ्याचं जाळं. मग गवत पिवळं पडतं आणि सगळं गायब. पण जातं कुठे? कुणी अंडी होऊन मातीत, कुणी दगडाखाली गारव्याला, आणि कितीतरी जण गवताच्या ठोंबात, मुळांपाशी, जिथे उन्हाळ्यातही थोडी ओल टिकते. जागा बदलली, ऋतू बदलला की माळावरची वस्तीच बदलते. एकाच ऋतूत एकाच जागी पेले पुरून ती कशी कळणार?

साहेब, आपण घड्याळाकडे पाहिलंत. आटोपतेच. ही बाटली मीही अजून उघडून पाहिलेली नाही. देवाशपथ. आपणच ती काढावी. रिकामी निघाली, तर उद्या मी सही...

काय म्हणताय सर? माइकवर या ना. बरं, तिथूनच बोला.

ऐकलंत सगळ्यांनी? सर म्हणताहेत, "एका ठोंबावर पैज लावायची नसते. रिकामी निघाली तरी सही करायची नाही. पाऊस होऊ दे, मग पुन्हा जायचं." निरोपाच्या दिवशीही बोलणी खायची वेळ आली माझ्यावर! बरोबर आहे सर. पैज मागे घेते.

साहेब, आपण उठलात? हळू, नरसाळ्याला धक्का नको. कागद काढा. उजेडाकडे धरा.

...

साहेब, नुसत्या डोळ्यांनी नीट दिसायचं नाही. सर, तुमचं भिंग द्या ना त्यांना. हो, गळ्यातून काढून. वहिनी, बघताय ना? लग्नात उतरलं नाही ते आज उतरलं!

तो लालसर दिसतोय, तो विंचवासारखा आहे साहेब, पण त्याला नांगी नसते. घाबरू नका. शेजारी उड्या मारताहेत ती पिसवांची पिल्लं नव्हेत, मातीतलेच जीव आहेत. आणि तो पाय दुमडून बसलेला कोळी. सावकाश बघा. मी तोवर आभार मानते.

सभागृह देणाऱ्या कार्यालयाचे आभार. दिव्यासाठी लांब वायर जोडून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनदादांचे आभार. सरांना आम्हाला उसनं दिल्याबद्दल वहिनींचे आभार, आता त्यांना परत करतो आहोत, कोळ्यांसकट. सर, तुमच्याशिवाय विभागात पाऊल टाकायची मला भीती वाटते. पण त्या अहवालावर माझी सही होणार नाही. हे सगळ्यांसमोर बोलले, म्हणजे उद्या चहा पिऊन विसरता येणार नाही.

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. साहेब, बाटली परत नरसाळ्याखाली ठेवून बसा आता, भिंग राहू दे हातात. आणि सूत्रसंचालक, दिव्याकडे जाऊ नका. सर खूण करताहेत, ठोंब अजून पुरता सुकलेला नाही, आत आणखी कुणी उतरायचं राहिलं असेल.