बबनरावानं काढलेलं तोंड

न्हाई, पिशवी सोडा बाई. केजची जीप येईलच आता, मी चढनार, ठान्यात जानार. बबनरावानं पोलिसाला सांगितलं, पाय घसरून पडलो — म्हनून तुमी पळत आलात ना? 'चंद्रभागाबाई, केस झाली न्हाई, उद्यापासून चित्राच्या वर्गाला या' — पडला? वरवंट्यावर पडला का? रंगासाठी गेरू मी वाटत हुते, वरवंटा माझ्या हातात हुता, सतरंजीवरल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी बघितलं. पहिला घाव बोटांवर, पेन्सिल धरलेल्या. उसाचं टिपरू मोडावं तशी वाजली. दुसरा कपाळावर, बरोबर हितं. तिसरा शेजारच्या मुक्ताबाईनं हात धरला म्हनून ऱ्हायला.

तुमचा काय दोष? चार महिने झाले लगीन होऊन, गावातलं मागचं तुमाला काय ठावं. तरनी मानसं ऊस तोडायला कारखान्यावर, मागं आमी म्हातारे अन् पान्याचा टँकर. सोसायटीच्या रिकाम्या गोदामात तुमी आमाला बसवलं, लई बरं झालं — दिवाळीपासून मी भिंतीसंगच बोलत हुते, अन् भिंतबी कटाळली असंल. पर काल तुमी म्हनलात, जोड्या करा, समोरासमोर बसा, एकमेकाचं तोंड काढा. माझ्यासमोर कोन आला? बबनराव. आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. टोळीत नवरा-बायको म्हंजी एक कोयता बाई, दोन मानसं न्हाई — एक कोयता. बहात्तरच्या दुष्काळात मला उसाच्या फडातच ताप चढला. माझा आसाराम म्हनला, हिला घरी नेऊन घालतो. बबनराव म्हनला, कोयता कमी हुतो. एवढंच. बैलगाडीच्या जुवाची शिवळ उपसली, हातभर लाकूड, अन् घातली आसारामच्या डोक्यात. एक, दोन — मी मधी पडले तर एक मला, केसाच्या कडेला. पाचटावर पडल्यापडल्या त्याच्या कानातून रगत आलं, जीव जाईस्तवर डोळे माझ्याकडंच हुते. अन् पंचांपुढं बबनराव काय म्हनला? गाडीवरून पडला. मी तर फडात नव्हतोच, कारखान्यावर गेलतो. मी वरडले, तर म्हनले तापात बरळती.

तवापासून पदर भुवईपर्यंत. ती खूण लेकानं बघितली न्हाई, सुनंनं न्हाई. अन् काल बबनरावानं कागद फिरवून दावला — पदराच्या आत, बरोबर त्याच जागी, तिरपी रेघ! नव्हतास ना रे फडात? मग कुठं बघितलीस? त्याच्या ध्यानातबी आलं न्हाई काय काढलं ते. हात आपला काढत गेला.

म्हनून मारलं. हां, म्हनूनच... न्हाई. तुमाला सांगते, ठान्यात न्हाई सांगायची. तासभर तो माझ्याकडं बघत हुता. डोळे बारीक करून — नाक, गाल, हनवटी. आसाराम गेल्यापासून माझ्याकडं तसं कुनी बघितलंच न्हाई. मला बरं वाटत हुतं बाई! त्याच्या बघन्यानं! गेरू वाटता वाटता, नाक नीट दिसावं म्हनून मान मीच जराशी वळवली. मग रेघ दिसली, अन् हातात वरवंटा. दोन घावांतला कुनता त्याच्यासाठी अन् कुनता माझ्यासाठी, मला काय सांगता येनार?

त्यो उपकार करतोय म्हनता? उपकार न्हाई. आसाराम पडला, आता त्यो सोताबी पडला — दोन्ही बारीला त्वांड माझंच बंद. मी ठान्यात सांगनार, पडला न्हाई, मी मारलं त्याला. मारलं म्हनून लिवलं की का मारलं तेबी लिवावं लागंल. तवा तरी आसारामचं नाव कागदावर येईल.

चित्र? पिशवीतच हाय. पुरावा म्हनून ठेवून घेतील, परत थोडंच देतील... माझा एकबी फोटू न्हाई बाई. जरा बघा — नाक बरं काढलंय ना मेल्यानं?

आली जीप. सरका. पिशवी सोडा म्हनते ना!