हिवातून तगलेला बटाटा

पेरूच्या डोंगराळ भागात आयाकुचोला जाणाऱ्या गाडीच्या रांगेत एउलालिया ही प्रवासी बाई उभी होती. तिच्या पुढेच शेतकी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आणि पाठीवर गाठोडं घेऊन तिला गाडीत बसवून द्यायला आलेला तिचा बाप यांचं जुंपलं होतं.

“तुझं प्रयोगाचं वावर हिवानं गारठून जळालं, पोरी. वर्ष वाया गेलं. अजून गाडी आली नाही, चल घरी.”

“बटाट्याच्या चाळीस ओळींतल्या तीन तगल्या ना, बाबा.”

“तीन ओळींवर पदवी देतात होय?”

“त्या का तगल्या, ते शोधलं तर देतील.”

“तुझे सर काय म्हणाले?”

“सोपा विषय घे म्हणाले.”

“मग घे की!”

“आणि आपल्या गावच्या हिवाचं कोण बघणार? तिन्ही ओळी आईच्या काळ्या बटाट्याच्या होत्या. यंदा निम्म्या ओळी त्याच्याच लावते.”

“बियाणं कुठून आणशील?”

“तुमच्या पाठीवर काय आहे?”

“हे बटाटे? हे तुला खायला दिलेत आईनं!”

“एकही उकडायचा नाही.”

“मग खाशील काय, डोंबल?”

“खाणावळीतला भात.”

गाडी आली. क्लीनरनं गाठोडं टपावर टाकायला ओढलं, तसा म्हातारा बाप खेकसला, “वर नको! गारठ्यात मरेल. बियाणं आहे ते.”

त्यानं स्वतः आत चढून गाठोडं लेकीच्या मांडीवर ठेवलं, अंगातला जाड लोकरीचा पोंचो काढून त्यावर घातला आणि नुसत्या सदऱ्यावर खाली उतरला.